तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, कामटीला बांधलेल्या दोऱ्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही बिऱ्हाड हलवून मालवणला गेलात त्या दिवशी जिन्यात सामानाची एवढी गर्दी होती की आभार मानायचे राहूनच गेले. आता मानतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असे मानतेय. माशांच्या दुकानात जाऊन "किती लिटरचा पंप?" एवढंच विचारणारी मी एकटी नाही, म्हणून.

माझी समुद्री माशांची तीन फुटी टाकी, साधारण १८० लिटर पाण्याची. तिच्यासाठी मी ताशी ६००० लिटरचा एकच पंप आणला. हिशेबाने तासाला तेहेतीस वेळा पाणी फिरत होतं. आकडा ऐकायला छान होता, म्हणून मीही खूश. पण ते सगळं पाणी एका तोंडातून, एकाच दिशेने सुटत होतं. पहिला अ‍ॅनिमोन, म्हणजे दगडाला पाय रोवून बसणारा फुलासारखा समुद्री जीव, तीन रात्री दगडावरून सरकत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी तो पंपाच्या ओढीत सापडलेला दिसला, आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालेलं. मासे वाचले ते निम्मं पाणी लगेच बदललं म्हणून. तो वास मात्र अजून नाकात आहे.

दुसराही सरकायला लागला तेव्हा आईने तुम्हाला हाक मारली. जहाजाच्या इंजिनरूममध्ये जन्म गेलेला माणूस पंपाकडेच आधी बघेल असं मला वाटलं होतं. तुम्ही मागितलीत बांबूची कामटी आणि वीतभर पांढरा सुती दोरा. कामटीच्या टोकाला दोरा बांधून टाकीत इथे-तिथे धरत गेलात. पंपासमोर दोरा ताठ, तारेसारखा. मागच्या दगडाआड मेल्यासारखा लोंबकळलेला, आणि त्याच कोपऱ्यात खाण्याचा गाळ साठलेला. "इथे वादळ, तिथे डबकं. बिचाऱ्याने राहायचं कुठे?" असं म्हणालात.

मग किनाऱ्यावरच्या खडपाची गोष्ट सांगितलीत. लाट येते, खडकावर आपटते, फुटते, वळते, परत जाते. भरतीला वेगळी, ओहोटीला वेगळी, उधाणाला आणखी वेगळी. तिथल्या जिवाला पाणी सगळीकडून लागतं, पण कुणी सतत एकाच गालावर चापट मारत नाही. अ‍ॅनिमोनला ना कल्ले, ना हृदय. तोंड एकच, खायचं त्यातून आणि घाण टाकायचीही त्यातूनच. प्राणवायू आणून देणं आणि सुटलेला चिकट गाळ वाहून नेणं, दोन्ही कामं पाण्याचीच. माझ्या अ‍ॅनिमोनच्या सगळ्या शुंडका, म्हणजे बोटांसारख्या भुजा, वाऱ्यातल्या केसांसारख्या एकाच बाजूला का झोपलेल्या असतात, ते मला तेव्हा कळलं. मी त्याला डौल समजत होते!

तो मोठा पंप काढून आपण ताशी २००० लिटरचे, रुंद तोंडाचे दोन वेव्हमेकर, म्हणजे टाकीत लाटा उठवणारे पंप, लावले. समोरासमोरच्या काचांवर, एक जरा वर, एक जरा खाली. एकाचं तोंड पुढच्या काचेकडे तिरकं, म्हणजे पाणी काचेवर आपटून फुटून परत येईल. दुसऱ्याचं पृष्ठभागाकडे, वर तरंग उठतील असं. रात्री दिवा बंद झाला की अ‍ॅनिमोनच्या अंगातल्या शेवाळाकडून प्राणवायू मिळणं थांबतं आणि तरंग नसतील तर पहाटे मासे धापा टाकतात, हे मला तुमच्याकडूनच समजलं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खाचांचा साधा टायमर लावून पंप आलटून-पालटून चालू केले. पाणी तासाला फिरायचं त्याच्या निम्म्याहून कमी झालं, आणि दोरा मात्र सगळीकडे वळवळायला लागला.

दोन्ही पंपांना स्पंजची जाळीही तुम्हीच बसवलीत. दर रविवारी ती धुते. चोंदली की प्रवाह पडतो, हे एकदा विसरून बघितलंय. महिन्याला पंप व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून पांढरा थरही काढते.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. "आठ दिवस हात लावायचा नाही, जागा त्यालाच शोधू दे" असं बजावून तुम्ही गेलात आणि तिसऱ्याच दिवशी मी डावा पंप दोन बोटं सरकवला. उगाच. अ‍ॅनिमोन समोरून नीट दिसावा म्हणून. त्याच रात्री तो पुन्हा चालायला लागला. घाबरून पंप जागच्या जागी आणून ठेवला आणि तुमच्यासमोर साळसूद चेहरा केला. बहुतेक तुम्हाला कळलं होतं.

आता तो मागच्या दुसऱ्या दगडाच्या खाचेत पाय रोवून बसलाय. मी मुद्दाम सजवलेल्या पुढच्या दगडाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मधूनच आक्रसून लिंबाएवढा होतो, घाण टाकतो, दोन-चार तासांत पुन्हा फुलतो. पूर्वी अशा वेळी मी तुम्हाला रात्री साडेदहाला वर बोलवायचे, त्याबद्दल आईही माफी मागतेय. क्लाउन माशांची जोडी त्याच्यातच झोपते. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप आपोआप सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात चार तास त्याच्यावर निघाले.

कामटी टाकीमागेच उभी करून ठेवलीय. दगड हलवला, पंप बदलला, की आधी दोरा. मागच्या आठवड्यात दुकानात एक मुलगा "किती लिटरचा घेऊ?" विचारत होता, त्याला मी दोऱ्याचं सांगितलं. त्याने विचित्र नजरेने पाहिलं, पण घरी जाऊन फोटो पाठवला.

गणपतीनंतर इकडे येणार आहात असं काकू म्हणाल्या. आलात की पाच मिनिटं टाकीशी कान लावा. उजव्या पंपाची घरघर वाढलीय. मला ती पंख्याची वाटते, आईला आसाची.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची