आईचं वजन आणि तुझं पॅकेज

दादा,

तुझा मेसेज वाचला, आईचं वजन उतरलंय पण तशी ती ठणठणीत आहे, वयोमानाने होतंच म्हणून. वयोमानाने एवढं नाही होत रे. म्हातारपणी वजन उतरतं खरं पण ते वर्षाला शे-दोनशे ग्रॅमच्या हिशोबाने, आणि तिचं सहा महिन्यांत ६२ वरून ५७ झालंय, डाएट नाही, चालणं वाढवलेलं नाही, काही नाही. डॉक्टरांचा ढोबळ हिशोब असा की सहा ते बारा महिन्यांत, काही प्रयत्न न करता, ५ टक्के किंवा जास्त वजन गेलं तर कारण शोधायचंच, आणि आईचं ८ टक्के भरतंय. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या अंगठीला दोरा गुंडाळलेला दिसला, विचारलं तर म्हणे बोटातून निसटते, आणि वर हसून, बरंच झालं की, गुडघ्यांवरचा भार हलका झाला!

तुझ्या डोक्यात कॅन्सर आहे हे कळतंय मला, म्हणून तर तू ते फुल बॉडी स्कॅनचं पॅकेज काढून बसलायस. कॅन्सर हे एक कारण आहेच आणि ते बघावंच लागतं, पण थायरॉईड वाढलेला असतो, शुगर हाताबाहेर गेलेली असते, टीबी, अल्सर, हार्ट किंवा फुप्फुसाचं जुनं दुखणं, विसरभोळेपणाची सुरुवात, काहीही असू शकतं. डिप्रेशनसुद्धा, आणि ते मला जास्त वाटतं, कारण बाबा गेल्यापासून ती ओट्याशी उभ्याउभ्याच चार घास खाऊन मोकळी होते असं वहिनी म्हणाली. आणि तिची कवळी बघ आधी. कवळी हलायला लागली, हिरडी दुखायला लागली की माणसं न बोलता खाणं कमी करतात, मग वजन उतरतं, मग कवळी अजून सैल. ती स्वतःहून सांगणार नाही.

डॉक्टर पहिलं विचारतील भूक कशी आहे, तर ते नीट लक्ष ठेवून सांग, तिला विचारून उपयोग नाही. जेवण नेहमीएवढं आणि तरी वजन जातंय तर थायरॉईड, शुगर किंवा अन्न अंगी न लागणं यावर संशय जातो, भूकच मेली असेल तर बाकीच्या गोष्टींवर. फक्त या वयात थायरॉईड फसवतो, हात थरथरणं, घाम, धडधड असलं काही बऱ्याचदा नसतं, नुसती मरगळ आणि वजन कमी, तेव्हा लक्षणं नाहीत म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, गाळू देऊ नकोस. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून ने, मेटफॉर्मिनने, म्हणजे शुगरच्या गोळीने, भूक जाते बऱ्याच जणांची, हार्टच्या डिगॉक्सिननेही, पण म्हणून तू घरच्या घरी काही बंद करू नकोस, प्लीज.

टेस्ट साध्याच असतात सुरुवातीला, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, ईएसआर आणि सीआरपी म्हणजे अंगात कुठे सूज किंवा इन्फेक्शन आहे का ते, शुगर, किडनी, लिव्हर, कॅल्शियम, टीएसएच, युरिन, शौचात न दिसणारं रक्त जातंय का ते, छातीचा एक्सरे, आणि बहुतेक पोटाची सोनोग्राफी. एचआयव्ही सांगितली तर तोंड वाकडं करू नकोस, ती या तपासणीत बसते. यात काही सापडलं की त्या दिशेने पुढे, एंडोस्कोपी म्हणा सीटी म्हणा. सरसकट स्कॅनचं मला पटत नाही, कुठेतरी एखादी निरुपद्रवी गाठ दिसते आणि मग तिच्याच मागे महिनाभर पळापळ, खरं कारण राहतं बाजूला.

सगळं नॉर्मल आलं तरी फाईल बंद करायची नाही, बऱ्याच जणांत पहिल्या फेरीत कारण सापडतच नाही, मग तीन ते सहा महिन्यांनी परत वजन आणि परत तपासणी. पण मधेच गिळताना अडकलं, शौचाला काळं किंवा लाल झालं, संध्याकाळी ताप येतोय, खोकला हटत नाहीये, असं काही दिसलं तर थांबायचं नाही.

तिच्या जुन्या रिपोर्टांवर कुठेतरी वजन लिहिलेलं असेल, ते शोधून ठेव, तुमच्या घरच्या काट्यावर माझा विश्वास नाही, आणि पायाला सूज असेल तर तेही सांग डॉक्टरांना, कारण मग काट्यावर दिसतंय त्याहून जास्तच गेलेलं असतं. अपॉइंटमेंट मिळाली की वेळ टाक, इथे मध्यरात्र असली तरी मी फोनवर असेन. आणि जेवताना तिच्यासोबत बसत जा ना, फोन बाजूला ठेवून.

तुझी,
छोटी