तार तोडायचा पगार

बंगळूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "प्रोफेसर झालीस ते कळलं, पण साखर पेठेत कुणी विचारलं पोरगी करते काय, तर सांगू काय?" मी तोंड उघडतेय तोवर आई "अगं, नळ आला!" म्हणून पळाली आणि फोन ठेवला गेला. चार दिवसांनी आलेल्या पाण्यापुढे माझी प्रोफेसरकी कुठली टिकायला! म्हणून हे पत्र.

सांगा, पोरगी सोन्याची तार तोडते. खरंच. सोन्याच्या पत्र्याला सोन्याचं टोक टेकवायचं आणि अलगद वर ओढायचं. मधली तार बारीक होत होत एका अणूएवढी उरते. तेव्हा तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण १२,९०० ओहम भरतो. मग ती तुटते. भोवतीच्या द्रावणात आमचे रेणू असतात, दोन्ही टोकांना गंधक असलेले. गंधक सोन्याला धरून बसतं, त्यामुळे त्या फटीत एखादा रेणू अडकतो आणि क्षणभर वीज त्याच्यातून जाते. स्क्रीनवर विजेच्या आलेखात एवढीशी पायरी दिसते, बस्स. पुन्हा टेकवा, पुन्हा तोडा, हजारो वेळा. तुमच्याकडे तार तुटली की माग थांबायचा, चादरीत खोट निघाली की मजुरी कापायचे. मला तोडायचाच पगार मिळतो!

आई, एम.एस्सी.ला असताना माझी ओढणी तू तीन दिवस बाहेरच्या दोरीवर ठेवली होतीस, "मेलं काय शिवून आलीस" म्हणून. तो वास याच गंधकाच्या रसायनांचा.

बाबांचा खरा प्रश्न मला ठाऊक आहे: असल्या रेणूंचा कॉम्प्युटर बाजारात कधी येणार? एकटा रेणू डायोडचं, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ द्यायचं, काम करू शकेल, हे अविराम आणि रॅटनर या शास्त्रज्ञांनी १९७४ साली कागदावर मांडलं. रीड आणि टूर यांच्या गटांनी बेंझीनच्या कड्याचा रेणू सोन्याच्या दोन टोकांत धरून वीज मोजली ती १९९७ मध्ये. तेव्हा मी ओसरीवर कांड्या भरत पाढे म्हणत होते. दुकानात मांडण्याजोगा रेणूंचा कॉम्प्युटर अजून नाही. एकेक रेणू पकडता येतो, पण कोट्यवधी रेणू ओळीत बसवून जागेवर ठेवायचे कसे, तिथे गाडी अडलीय. खोलीच्या साध्या तापमानाला सोन्याचे अणूसुद्धा जागा सोडतात.

एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी रेणू न टाकताच, नुसत्या द्रावणातही तीच पायरी दिसली. बाटलीच नीट धुतलेली नव्हती, माझीच. आठ महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं. त्या रात्री फोनवर मी "सगळं बरं आहे" म्हणाले. तुम्हीही तेच म्हणालात. त्याच आठवड्यात दोनातला एक माग विकला होतात, हे मला दिवाळीत काकांकडून कळलं.

गड्ड्याच्या जत्रेला येतेय, सुट्टी मंजूर झाली. आई, कडक भाकरी आणि शेंगाचटणी या वेळी दुप्पट बांध. मागच्या खेपेला लॅबमधल्या पोरांनी माझ्या वाट्याचीही संपवली.

तुमची,
लेक