गाळ्यावरच्या माणसांचा करार कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना 500 चौरस फुटांचं अप्रूप काय असतं, ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल. आमच्या काळाचौकी-लालबागमध्येही टेकूंवर उभ्या असलेल्या चाळींचे पुनर्विकासाचे करार होताहेत आणि ते व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकाला संडासाकडे भिंत धरत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चाळसंस्कृतीचे गोडवे ऐकवू नयेत. (हे गोडवे बहुतेक वेळा डोंबिवलीला फ्लॅट घेऊन गेलेलेच गातात, हा भाग वेगळा.)

माझी तक्रार पुनर्विकासाबद्दल नाही, त्यात काही माणसांची मोजणीच होत नाही याबद्दल आहे. गिरणगावातल्या गावकरी मंडळांचे गाळे, म्हणजे एकेका गावाच्या सामाईक खोल्या, हा तो विषय. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांनी इथल्या चाळींत वर्गणी काढून खोल्या घेतल्या. आमच्याच मजल्यावर पाटण भागातल्या एका गावाची खोली आहे. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, दोरीवर टॉवेल, देवाच्या फोटोखाली वर्गणीची वही. गिरण्या चालू होत्या तेव्हा पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रातपाळी करून आलेला त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या मावशींकडे. महिन्याच्या सभेत गावच्या जत्रेची वर्गणी, शाळेचे पत्रे, मयताला जाणाऱ्यांची गाडी, सगळं ठरायचं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांच्या चुली त्यावर होत्या. पुढे बरेच जण वळकट्या बांधून गावी गेले, पण मंडळांनी गाळे सोडले नाहीत. आज त्याच खोलीत कुरिअरवाली, हॉटेलात कामाला असलेली, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं राहतात. टाटाला किंवा केईएमला गावाकडचा पेशंट आला की त्याच्यासोबतच्या माणसाची पथारी इथेच पडते. कर्करोगाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. परळात तेवढे दिवस लॉजवर राहणं कुठल्या शेतकऱ्याला परवडतं?

आता अडचण बघा. खोली मंडळाची, पण भाडेपावती कोणा एकाच्या नावावर. मालक मंडळाच्या नावानं पावती फाडायला राजी नसे, म्हणून गावानं विश्वासातला माणूस पुढे केला. त्यानं शब्द पाळला. पण तो गेला, त्याची मुलंही थकली, आणि विकासकाच्या यादीत आता नातवाचं नाव लागतं. कागदावर खोली त्याच्या आजोबांची आणि तिची किंमत कोटीच्या घरात. नातवाला नुसता बेइमान म्हणून मोकळं होता येत नाही. लहानपणापासून त्यानं ती खोली 'आपली' म्हणूनच ऐकलेली असते. आमच्या शेजारच्या चाळीत एका मंडळाला सगळा प्रकार कळला तो संक्रमण काळाच्या, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या, भाड्याचा धनादेश विरारला वारसाच्या खात्यात जमा झाल्यावर. ज्यांच्या ट्रंका खोलीत होत्या, त्यांना आठ दिवसांत सामान हलवायला सांगण्यात आलं.

पावती मंडळाच्या नावावर असली तरी सुटका नाही. नव्या सोसायटीत दहा-बारा अविवाहित पोरांची ये-जा नको असते. विकासक बाहेर विकतो त्या घरांत येणारी मंडळी वेगळी, त्यांना गेटवर नोंद न झालेला माणूस चालत नाही. चाळीतून वर गेलेले आपलेच लोकही याला माना डोलवतात, याचं जास्त वाईट वाटतं. त्यांच्यापैकी कितीजणांचे वडील मुंबईत पहिल्यांदा अशाच गाळ्यावर उतरले होते!

व्यायामशाळा, बालवाडी, गणपतीच्या मंडपाची जागा यांच्यासाठी भांडायला निदान कोणीतरी असतं. तिथे पुढारी नारळ फोडायला येतात. गाळेकऱ्यांची मतं मात्र गावाकडे. त्यांच्यासाठी कोण उभं राहणार?

'सगळ्यांना सामावून घेऊ' हे तोंडी आश्वासन आम्हाला नवं नाही. गिरण्यांच्या जमिनींचं तर लेखी होतं. 1991 च्या नियमानुसार साधारण तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांना आणि तिसरा हिस्सा घरांना मिळायचा होता. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि आधीपासून मोकळी पडलेली जमीनच वाटणीत धरायची असं ठरलं, म्हणजे शहराचा वाटा आक्रसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती कायम ठेवली. लेखी नियमाची ही गत, तर बैठकीतल्या चहाबरोबर दिलेल्या शब्दाचं काय घेऊन बसलात?

म्हणून म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळानं रहिवाशांची यादी प्रमाणित करताना पावतीबरोबर प्रत्यक्ष ताबा आणि वापरही पाहावा. खोलीत मंडळ नांदत असेल तर तशी नोंद व्हावी आणि वारस व मंडळ या दोघांचं ऐकल्याशिवाय नाव पुढे जाऊ नये. वारसालाही थोडाफार मोबदला देऊन तडजोड होऊ शकते. गावं इतकी आडमुठी नाहीत. आणि मंडळांनीही आता हलायला हवं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नसेल तर ती करा, वर्गणीच्या जुन्या वह्या, सभांची इतिवृत्तं, भाडं भरल्याचे पुरावे शोधून काढा. गावातले जुने लोक आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या.

आमच्या चाळीचा करार अजून नोंदवायचा आहे. गाळा मंडळाच्या नावावर ठेवून नव्या इमारतीत जागा मिळाल्याचं उदाहरण कोणा वाचकाला माहीत असेल, तर त्यांनी करारात नेमकी कोणती अट घातली, ते या सदरातून जरूर कळवावं. आम्हाला ती अट वकिलाला दाखवायची आहे.

आपला,
एक रहिवासी, काळाचौकी, मुंबई