ओढ्याकडचं रान राहू द्या

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि करायचं तेच करतात, म्हणून लिहून पाठवते. दादाकडून कळलं की ओढ्याकडच्या रानाला गिऱ्हाईक येऊन बघून गेलं, आणि येतील त्या पैशातून माझ्या घराचं कर्ज एकदम फेडून टाकायचं तुमच्या मनात आहे. बाबा, हे करू नका. का करू नका ते सांगायला मला माझ्या घरचा सगळा हिशेब तुमच्यापुढे मांडावा लागेल. तो कुणापुढे मांडायची मला सवय नाही, पण तुमच्यापासून काय झाकायचं?

2018 साली आम्ही दोघांनी 25 लाखांचं कर्ज काढलं, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता 21,700 च्या आसपास. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 17,700 नुसत्या व्याजात गेले, मुदलात जेमतेम चार हजार. कर्ज असंच शेवटपर्यंत रेटलं तर 25 लाखांचे 52 लाख द्यावे लागतात. 2021 मध्ये हे गेले तेव्हा 23 लाख बाकी होते. कर्जावर दोघांची नावं होती, त्यामुळे एकजण गेला म्हणून बँकेचं देणं अर्धं झालं नाही. ह्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान भाड्याच्या जागेत होतं, मागे पीएफ नाही की पेन्शन नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, फ्लॅट विकून मंगळवेढ्याला ये. ते तुम्ही पोटतिडकीनं म्हणालात हे मला माहीत आहे. पण सोन्या तेव्हा सहा वर्षांचा होता. बापाबरोबर घर आणि शाळाही एकदम जावी असं मला वाटलं नाही.

त्या वेळी सासूबाईंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ह्यांच्या अर्ध्या हिश्श्यात कायद्यानं त्यांचाही वाटा येत होता, माझ्याइतकाच आणि सोन्याइतकाच. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन त्यांनी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला आणि एक शब्द विचारला नाही. त्यांच्या औषधांचे हजार रुपये मी दर महिन्याला पाठवते ते म्हणूनच. कुठलाही खर्च कमी करेन, तो नाही.

आता कर्ज कसं चाललंय ते सांगते. माझ्या गृहकर्जाचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याच्याबरोबर, वरखाली होतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि माझा दर सातच्या आतून नवाच्या वर गेला. हप्ता होता तेवढाच राहिला, म्हणून वरवर काही दिसलं नाही, पण मुदत तब्बल चार वर्षांनी लांबली. तेव्हा मी ठरवलं की मुदलावर जास्तीचे पैसे भरायचे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर आधी पैसे भरले तर बँकेला दंड घेता येत नाही, 2012 पासून तसा नियम आहे. भरताना मी दर वेळी अर्जात लिहून देते की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा, आणि हप्त्यांचा नवीन तक्ता मागून घेते. 2025 मध्ये रेपो चार वेळा मिळून सव्वा टक्का उतरला. बँकेनं विचारलं, हप्ता कमी करायचा का? मी नाही म्हटलं. दर उतरला तो सगळा फायदा मुदलाकडे जाऊ दे.

आज बाकी आहे 16 लाख 70 हजार. वर्षाला साठ हजार जास्तीचे भरत राहिले तर सात वर्षांच्या आत कर्ज संपतं. सोन्या तेव्हा अठराचा होईल.

हे साठ हजार येतात कुठून, ही आईची शंका. पगार हातात येतो 46 हजार. हप्ता गेल्यावर राहतात 24,300. ऑफिसात आम्ही बायकांनी भिशी लावली आहे, महिन्याला तीन हजारांची. माझा नंबर मार्चमध्ये लागतो, ते 36 हजार त्याच आठवड्यात बँकेत भरते. दिवाळीच्या बोनसला मी हात लावत नाही. साठ हजार झाले ते असे. त्यासाठी पोटाला चिमटा काढत नाही, हे आई, तू नीट वाच.

आमच्याकडे रोज भाकरी असते. तू पाठवतेस त्या ज्वारीनं वर्ष निघतं. कोठीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवते, दर पंधरा दिवसांनी थोडी चाळून गिरणीत देते. इथल्या दुकानात मालदांडी म्हणून जे विकतात आणि जो भाव सांगतात, ते बघून मला आपल्या काळ्या रानाची किंमत कळली. तूरडाळ मी फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी तूर बाजारात आली की वर्षाची भरते. भाजी रविवारी संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला आणते, त्या वेळेला मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात देतात. रात्रीच निवडून ठेवते. आठवड्यात एकदा हुलग्याचं माडगं, एकदा पिठलं, शनिवारी धपाटे आणि दही. सोन्याला माडगं आवडतं, मुद्दाम मागून खातो. कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकदमच लावते, कडधान्य आदल्या रात्री भिजवते. दूध मात्र रोज एक लिटर येतं, त्यात काटकसर नाही.

विजेचं सांगते, कारण बाबांना हे आवडेल. बिलात पहिल्या शंभर युनिटचा दर कमी असतो आणि शंभराच्या पुढच्या प्रत्येक युनिटला जवळजवळ दुप्पट पडतो. म्हणून सोन्या दर रविवारी मीटर बघून वहीत आकडा लिहितो. नव्वदच्या पुढे गेलं की इस्त्री आणि गिझर बंद. उन्हाळ्यातला एक महिना सोडला तर शंभराच्या आत राहतो. पीएमपीचा, म्हणजे इथल्या सिटी बसचा, पास जून 2025 मध्ये नऊशेवरून दीड हजार झाला, तो मात्र टाळता येत नाही. घरापासून भोसरीच्या ऑफिसापर्यंत चालत जाता येत नाही आणि गाडी घेतली तर पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग हे सगळं मागे लागतं. सोन्याची शाळा मराठी, अनुदानित, चालत दहा मिनिटांवर. आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतून फुकट मिळतात. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून मी शिवून देते, त्यात तो गणितं करतो. मोबाइल, फ्रिज, काहीही हप्त्यानं घ्यायचं नाही, हा घरातला नियम आहे. घराचा एक हप्ता पुरे.

मला लोक विचारतात, एवढं ओढून धरण्यापेक्षा कर्ज चालू दे की, सगळेच भरतात. ज्यांच्या घरी दोन पगार येतात त्यांनी तसं करावं. माझ्या घरात कमावणारी एकच आहे. नोकरी गेली तर दुसऱ्या महिन्यापासून कोण भरणार? म्हणून जास्तीचा एक रुपयाही मुदलावर भरायच्या आधी मी सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेव करून ठेवली. ती मोडायची नाही. हे गेल्यावर सरकारकडून कोविडचे 50 हजार मिळाले होते, तेही सोन्याच्या नावानं तसेच आहेत.

आणि मी माझ्या नावानं पन्नास लाखांचा मुदत विमा काढला आहे. मला काही झालं तर कर्ज फिटून सोन्याच्या शिक्षणाला पुरेल एवढा. सप्टेंबर 2025 पासून असल्या विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला, तेवढे पैसे वाचतात. तुम्हाला हे वाचून बरं वाटणार नाही, लेकीनं मरणाचं काय बोलावं. पण घरात मी एकटीच आहे, तर हे बोलायचंही मलाच आहे. मृत्युपत्रही केलं आहे. त्याला स्टँप लागत नाही, साध्या कागदावर दोन साक्षीदारांपुढे होतं. घर सोन्याचं, आणि तो सज्ञान होईपर्यंत त्याला सांभाळणारा म्हणून दादाचं नाव घातलं आहे. दादाला आणि वहिनीला विचारूनच घातलं. वहिनी म्हणाली, "आमच्या दोन लेकरांत तो तिसरा." तिला मी अजून नीट धन्यवादही दिले नाहीत.

आता रानाचं. बाबा, तुम्ही आयुष्यभर सोसायटीचं पीककर्ज काढलंत आणि सातबाऱ्यावर बोजा असला की तुम्हाला झोप लागायची नाही. बोजा उतरल्याची नोंद झाली की तुम्ही तलाठ्याकडून उतारा आणून आईला दाखवायचात. माझ्या कर्जाकडेही तुम्ही त्याच डोळ्यांनी बघता. पण तुमचं कर्ज पावसावर होतं. पाऊस गेला तर फेडायला काही नसायचं. माझं पगारावर आहे, विमा आहे, सहा हप्ते बाजूला आहेत. कागदपत्रांचीही काळजी नको. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला बँकेला पाच हजार भरपाई द्यावी लागते, डिसेंबर 2023 पासून तसा नियम आहे.

ते रान विकलंत तर माझी सात वर्षं वाचतील, हे खरं. पण तुमचं काय जाईल? तुमचा दिवस त्या रानावर उगवतो. परतीचा पाऊस मुरला की पेरणी, मग खळ्यापर्यंत नुसती ओलीवर येणारी ज्वारी, जनावरांना कडबा, आमच्या दोन घरांची वर्षाची भाकरी. आलेले पैसे बँकेत जातील आणि तुम्ही ओट्यावर बसून राहाल. ज्या मुलीसाठी विकलं तिच्या मनाला ते जन्मभर लागेल. जमीन एकदा गेली की आपल्यासारख्यांना ती परत घेता येत नाही, कर्ज मात्र दर महिन्याला थोडं थोडं कमी होतंच आहे.

आणि एक स्पष्ट सांगते, रागावू नका. जमीन वडिलोपार्जित आहे. 2005 च्या कायद्यानं त्यात दादाइतकाच माझाही हक्क आहे. मी कधी वाटा मागितला नाही, मागणारही नाही. पण विकायला निघालात तर घेणारा माझी सही मागेल, आणि ती मी देणार नाही. दादालाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, मला बाबांपुढे बोलता येत नव्हतं."

मला तुमच्याकडून मदत नको असं नाही. मला हवी आहे ती वेगळी. बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय आणि "पुढच्या सालाला बघू" असं चाललंय. ते पैसे माझ्यासाठी साठवताय, हे मला कळतं. या सालीच करायचं. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, दादाला सांगून आधी ते काढून घ्या. नाही जमलं तर पुण्यात करू, माझ्याकडे राहा. पंचाहत्तरी झाल्यानं बाबांना एसटीला तिकीट नाही आणि आईला अर्धं, त्यामुळे येण्याजाण्याची सबब चालणार नाही. आणि आई, शेंगांच्या पोत्यात फडक्यात बांधून पैसे पाठवणं बंद कर. मागच्या वेळचे दोन हजार मी दादाकडे परत दिलेत, तुझ्या चष्म्यासाठी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोन्याला पूर्ण महिना तिकडे पाठवते. इथे सुट्टीतल्या शिबिरांना पाच-सहा हजार मागतात, आणि त्यात शिकवतात ते बाबांबरोबर रानात हिंडून जास्त शिकेल. त्याला सातबारा वाचायला शिकवा, गटनंबर कुठे, आणेवारी म्हणजे काय. बैलगाडीत बसवा, पण विहिरीकडे एकट्याला सोडू नका, त्याला अजून नीट पोहता येत नाही. महापालिकेच्या तलावावर शिकतोय.

गिऱ्हाईकाला "द्यायचं नाही" असा निरोप या आठवड्यातच द्या. तो बयाणा घेऊन आला तर हात लावू नका. निरोप दिल्यावर दादाला मला फोन करायला सांगा.

मसाल्याच्या मिरच्या या वेळी किती घेऊ ते आईनं कळवावं. वहिनीला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. सासूबाई पंढरपुरातच आहेत, येताजाता भेटून या.

तुमची लाडकी,
ताई