भाजलेल्या कामगाराचा अंगठा घेताना कुणी बघत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोंबिवलीत २६ मे २०१६ ला आणि परत २३ मे २०२४ ला केमिकल कंपनीत स्फोट झाला, तेव्हा फुटलेल्या काचांचे फोटो, मृतांचा आकडा, सरकारी मदत सगळं पेपरात आलं. पण जे भाजून जगतात त्यांचं पुढे काय होतं हे कुठेच येत नाही. मी ते घरात बघतेय म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ ठेकेदारामार्फत एका कंपनीत ऑपरेटर होता, वय ३०. सॉल्व्हंटचा ड्रम रिकामा करताना भडका उडाला. चौथ्या दिवशी बर्न्स वॉर्डात सुपरवायझर टाईप केलेला कागद आणि ५० हजार रोख घेऊन आला, उजवा हात बँडेजमध्ये म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. कागदात लिहिलेलं की चूक माझी, यापुढे काही मागणार नाही. आईला वाटलं संपलं सगळं.

पण तसं नसतं हो! हक्क सोडल्याचा असा करार १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात चालतच नाही (हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय). कामगार ठेकेदाराचा असला तरी कंपनीकडे मागता येतं, उपचाराचा खर्च वेगळा मिळतो, पण दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो आणि आमचे त्यातले वीस महिने माहितीच नसल्यामुळे गेले. ईएसआय (सरकारी कामगार विमा) असेल तर रस्ता वेगळा, तिथे लाभ ईएसआयच देतं, भावाचा पगार मात्र २३ हजार म्हणजे ईएसआयच्या २१ हजारांच्या मर्यादेपेक्षा जास्त, म्हणून आम्ही लेबर कोर्टात.

एक गोष्ट सगळ्यांचीच चुकते. डिस्चार्ज कार्डवर '२२ टक्के भाजला' लिहिलेलं असतं ती त्वचा, अपंगत्व नव्हे. कमाईची ताकद किती गेली याचं सर्टिफिकेट डॉक्टरांकडून वेगळं घ्यावं लागतं. भावाची ४० टक्के धरली. चेहरा फारच विद्रूप झाला असेल तर कायद्याच्या यादीत ते १०० टक्के आहे, हे किती जणांना माहीत असेल?

हिशोब असा की पगार २३ हजार असला तरी १५ हजारच धरतात, त्याचे ६० टक्के, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा आकडा (३० वर्षांना २०७.९८), त्याचे ४० टक्के, म्हणजे ७ लाख ४८ हजार ७२८ रुपये. कुठे हे आणि कुठे ते ५० हजार! महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि नीट कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. पगाराची १५ हजारांची मर्यादा वाढायलाच हवी, एवढ्यात आज ऑपरेटर मिळतो का कुठे?

भावाची तीन बोटं आखडून एकमेकांना चिकटलीत, शर्टाची बटणं आई लावते. केस चालू आहे.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी स्फोटाची बातमी छापाल तेव्हा बाजूला चार ओळींची चौकट द्या. वॉर्डात आणलेल्या कागदावर सही करू नका, भाजलेल्या जागेचे फोटो आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, दोन वर्षं मोजा. वॉर्डाबाहेर बसलेल्या बाईच्या हातात तोच पेपर असतो.

एक वाचक भगिनी, डोंबिवली पूर्व