आधी पाणलोट राखा

महोदय,

तलाव वाचवायचा म्हटले की सगळ्यांना गाळ काढणे आणि काठाचे सुशोभीकरण आठवते. पण तलावात पाणी येते ते वरच्या पाणलोटातून. तिथले गवत पावसाचा मारा झेलते, वाहत्या पाण्याचा वेग कमी करते, माती धरून ठेवते. तो उतार उघडा पडला की काढलेला गाळ काही पावसाळ्यांत परत येतो. काही स्थानिक निसर्गमंडळे नेमकी ही वरची जमीन राखतात. ते काम सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. फीत कापायला तिथे काहीच नसते!

आणखी एक. अशा माळाला ‘पडीक’ समजून सरसकट रोपे लावण्याचा उत्साह आवरायला हवा. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना दाट झाडी नकोच असते. विणीच्या काळात गुरे, मोकाट कुत्री आणि कॅमेरे घेऊन थेट घरट्यापर्यंत जाणारे हौशी लोक एवढे दूर ठेवले तरी पुष्कळ. मंडळांना मदत देताना ‘किती झाडे लावली?’ असे देणगीदारांनी आणि अधिकाऱ्यांनी विचारू नये. राखलेल्या जमिनीचा हिशेब मागावा.

– एक पक्षिनिरीक्षक