थंडीतली केळ: बाबांना पत्र

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोटो बघून तुम्ही विचारलंत की जिथे रात्री पाणी गोठतं तिथे केळ जगते कशी. थोडक्यात सांगायचं तर ही जात पानांसाठी लावतात, फळाची अपेक्षाच नसते. आणि हिवाळ्यात तिला थंडीपेक्षा ओल जास्त मारते. हे दोन मुद्दे लक्षात ठेवले की बाकीची कामं आपोआप कळत जातात.

जातीचं नाव मुसा बास्जू. मूळची दक्षिण चीनची, पण जपानात पूर्वापार लावतात. तिथलं तिचं नाव बाशो, त्याचंच बास्जू झालं. फळ धरलंच तर बोटाएवढं आणि बियांनी भरलेलं, खायच्या कामाचं नाही. तापमान शून्याच्या जरा खाली गेलं की पानं काळी पडतात. उणे ४-५ अंशांना उघडं खोड मरायला लागतं. जमिनीतला गड्डा मात्र वर जाड आच्छादन असेल तर उणे १० अंशही सोसतो, आणि वसंतात त्यातून मुनवे, म्हणजे बुंध्याशी येणारी पिल्लं, फुटतात. म्हणजे झाड जगवणं अवघड नाही. उंची टिकवायची असेल तर मात्र खोड वाचवावं लागतं, आणि कष्ट आहेत ते तिथेच.

पहिल्या कडक थंडीने पानं काळवंडली की ती देठाशी कापायची आणि खोड मीटर-दीड मीटरवर छाटायचं. भोवती कोंबडीजाळीचा गोल पिंजरा उभा करायचा, खोडापासून चहूबाजूंनी वीतभर तरी लांब. त्यात कोरडं गव्हाचं काड भरायचं. दाबून ठासायचं नाही, कारण ऊब धरते ती काडातली हवा. वरून पावसाचं पाणी आत जाणार नाही असं झाकण घालायचं, बाजू मात्र उघड्या ठेवायच्या. पुष्कळ जण इथेच चुकतात: सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. आतला दमट वाफारा बाहेर पडत नाही आणि खोड आतून कुजतं. वसंतात पिंजरा काढल्यावर खोड बोटाने दाबून बघायचं. मऊ लागलं तर वरून थोडं थोडं कापत खाली यायचं. आधी तपकिरी, पाणचट, आंबूस वासाचा लगदा दिसतो. मग कडेची वेटोळी घट्ट होतात, पण मधला ठिपका तपकिरीच असतो. आणखी खाली गेलं की सगळा काप पांढरा आणि कडक. तिथे थांबायचं. आठवड्याभरात त्या पांढऱ्या कापाच्या मधोमध नवा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, वर सरकलेला दिसतो.

लाल पानांची एन्सेटे ही केळीची बहीण. दिसायला तीच सर्वांत देखणी, पण तिला मुनवे फुटत नाहीत. वाढीचा कोंब कुजला की झाड गेलं, म्हणून ती थंडीत बाहेर ठेवायचीच नाही. थंडी पडायच्या आधी उपटायची, मधला पोंगा ठेवून बाकी पानं कापायची आणि काही दिवस उलटी ठेवून देठांतलं पाणी निथळू द्यायचं. मग जेमतेम मावेल अशा कुंडीत, जवळपास कोरड्या मातीत, ८-१० अंशांच्या वर राहणाऱ्या खोलीत ठेवायची. हिवाळाभर पाणी जवळजवळ बंद.

फोटोत पंख्याच्या पानांचा माड दिसला, तो ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी. हा खरा काटक गडी: जमिनीत मुरलेलं झाड उणे १०-१२ अंशांतही तगतं. रॉबर्ट फॉर्च्युन या वनस्पतीसंग्राहकाचं नाव त्याला दिलं आहे. त्याला गुंडाळायची सहसा गरज नाही, पण वाढीचा कोंब एकच, म्हणून कडक थंडीनंतर पोंगा हलकेच ओढून बघावा. हातात आला आणि खालचं टोक कुजकट निघालं, तर उरलेली घाण साफ करून तांबेयुक्त बुरशीनाशक ओतायचं आणि वर पाऊस पडणार नाही असं छप्पर करायचं. आतला वाढीचा कोंब शाबूत असेल तर पुष्कळदा काही महिन्यांनी अर्धवट कापल्यासारखं वेडंवाकडं पान वर येतं. ते चांगलं लक्षण; त्याच्या मागची पानं सरळ येतात.

आता तुमच्या ओळखीची झाडं. कर्दळीचा कंद मार्चमध्ये घरात कुंडीत लावून जागवायचा, आणि रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जाईनासं झालं की बाहेर. त्याआधी दहा-बारा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सवय लावायची, नाहीतर पानं उन्हाने पांढरी पडतात. शरदात पानं काळी पडली की दांडे वीतभर ठेवून कंद काढायचे आणि किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, ५ ते १० अंशांत ठेवायचे. अगदी कोरडे पडले तर सुरकुततात, ओल जास्त झाली तर बुरशी लागते. महिन्यातून एकदा हात लावून बघायलाच हवं. पानांवर शिरांच्या बाजूने फिकट पट्टे आले आणि पान मुडपलं तर तो विषाणू. त्याला औषध नाही. कंद फेकायचा, कंपोस्टात टाकायचा नाही, आणि कंद कापायचा चाकू दर झाडाला पुसायचा, कारण मावा आणि चाकू दोघेही तो पसरवतात.

सोनटक्क्याबद्दल मात्र आईला आधीच सांगा, नाहीतर ती हिरमुसेल: आपला पांढरा सोनटक्का इथे वाढतो, पण बहुतेक वर्षी कळी यायच्या आत थंडी गाठते. त्याऐवजी हिमालयातला हेडीकियम डेन्सिफ्लोरम लावावा. फुलं बारीक आणि नारिंगी, पण उन्हाळ्यातच येतात. कंद फार खोल पुरायचा नाही, त्याची पाठ जेमतेम झाकली पाहिजे. अळूचे गड्डे कर्दळीसारखेच सांभाळायचे, उन्हाळ्यात पाणी मात्र भरपूर. एरंड दर वर्षी बियांपासून: रात्रभर भिजवून २० अंशांच्या उबेत पेरला की उन्हाळाअखेर माणसाच्या उंचीचा. बी विषारी, म्हणून लहान मुलं असतील तिथे तुरे बी धरायच्या आत छाटायचे.

जमिनीचं सांगायचं राहिलं. माती चिकण असेल तर नुसत्या खड्ड्यात खडी भरून भागत नाही, तो खड्डा हौदासारखा पाणी धरतो. सगळा वाफाच फूटभर उंच करायचा आणि पूर्ण मातीत बारीक खडी व कंपोस्ट मिसळायचं. केळीला उन्हाळ्यात दर आठवड्याला नत्राचं पातळ खत लागतं. ऑगस्ट संपला की ते बंद, नाहीतर कोवळी वाढ थंडीत सापडते. जागा वाऱ्याच्या आडोशाची हवी. फाटलेल्या पानाने केळ मरत नाही, पण पानासाठीच लावलेल्या झाडाच्या पानाच्या चिंध्या झालेल्या बघवत नाहीत.

आणि पिंजरा उघडायची घाई नको. मार्चमध्ये ऊन पडलं की हात शिवशिवतात, पण नवा पोंगा एका रात्रीत काळा पडतो. दुपारी झाकण काढून वारा द्यायचा, संध्याकाळी परत घालायचं, आणि मे उजाडल्यावरच काड काढायचं. ते काड केळीच्याच बुंध्याशी पसरायचं.

आईस शि. सा. नमस्कार. पत्राची वाट बघते.

तुमची,
धाकटी